कर्करोगाच्या उपचारांत वनस्पतींचे अर्क कितपत सुरक्षित?

चैत्रपालवी

माझ्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया पार पडली असून आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाचे सलाईन चालू आहे. बारांपैकी पाच झाली आहेत. त्यानंतर काही वर्षे टॅमॉक्सिफेन या संप्रेरकरोधक औषधाच्या गोळ्या घ्याव्या लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. ताई मनाने खंबीर आहे, पण बोटांना येणाऱ्या मुंग्यांनी आणि थकव्याने ती पार बेजार झाली आहे. भेटायला येणारे आपापल्या परीने मायेपोटी काही ना काही आणतात, आणि तिच्या उशाशी आता चार बाटल्या जमल्या आहेत. एकीत हळदीतील कर्क्युमिन आणि पिपरीन यांच्या कॅप्सूल आहेत, दुसरीत अश्वगंधाच्या मुळांचा अर्क, तिसरीत ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या. चौथीत गडद तपकिरी द्रव आहे आणि तिच्या लेबलावर सतरा वनस्पतींची नावे बारीक अक्षरांत एकापुढे एक छापली आहेत. त्यांतली कोणती किती, याचा आकडा कुठेही नाही.

यांतले ताईने काय घेतले आणि काय नाही, हे विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. ती आशेने काही घेत असेल, तर ते हिरावून घेतल्यासारखे होईल असे वाटते. पण पॅक्लिटॅक्सेलसुद्धा एका झाडाच्या सालीतूनच आले, असे वाचल्यापासून माझा गोंधळ वाढला आहे. एक वनस्पती रुग्णालयात इतक्या काटेकोरपणे दिली जाते आणि दुसरी घरी चमच्याने मोजून घेतली जाते, या दोहोंत नेमका फरक काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

वाटसरू

ताईंना लवकर बरे वाटो. माझ्या वडिलांनी केमोच्या संपूर्ण काळात गुळवेल आणि अश्वगंधा घेतले. त्यांना उलट्यांचा फारसा त्रास झाला नाही, आणि आज ते हिंडतेफिरते आहेत. शतकानुशतके वापरात असलेल्या वनस्पतींकडे इतक्या संशयाने का पाहावे, हे मला कळत नाही. अपाय झाला असता तर तो पूर्वीच लक्षात आला नसता का?

रसायनी

@चैत्रपालवी, मी वनस्पतींतील रसायनांवर काम करते, त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

पॅसिफिक यू या झाडाची साल १९६२ मध्ये अमेरिकेत गोळा केली गेली. तिच्यातील क्रियाशील रेणूची, म्हणजेच पॅक्लिटॅक्सेलची, रचना मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. तो रेणू पेशीविभाजन कसे रोखतो, हे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले. अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली ती थेट १९९२ मध्ये. साल ते सलाईन हे अंतर कापायला तीस वर्षे लागली आणि त्यांतला मोठा काळ परिणामकारकता सिद्ध करण्याइतकाच सुरक्षिततेसाठी खर्ची पडला. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून तयार केलेल्या एका द्रावकात मिसळावे लागते. सुरुवातीच्या चाचण्यांत काही रुग्णांना त्यामुळे इतकी तीव्र ॲलर्जी आली, की हे औषध तिथेच सोडून द्यावे लागेल अशी वेळ आली होती. सलाईन सावकाश चढवणे आणि त्याआधी स्टेरॉइड व ॲलर्जीरोधक इंजेक्शने देणे, ही पद्धत त्यातून बसली. तुमच्या ताईंना सलाईनपूर्वी जी इंजेक्शने मिळतात, त्यांमागे हा इतिहास आहे.

दुसरे उदाहरण कॅम्प्टोथेसिनचे. हा रेणू वॉल आणि वाणी यांनीच १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळा केला. आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडातही तो असतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो त्याच्या क्षाराच्या रूपात रुग्णांना देऊन पाहिला, तेव्हा पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटल्या, मूत्राशयातून रक्तस्राव झाला आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्या रेणूत बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे तयार झाली आणि त्यांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. वनस्पती तीच, रेणूचा मूळ सांगाडाही तोच, पण एका रूपात तो देता आला नाही आणि दुसऱ्या रूपात त्याने अनेकांचे आयुष्य वाढवले. म्हणून 'वनस्पतीपासून आलेले' या वर्णनावरून सुरक्षिततेबद्दल कोणताच निष्कर्ष काढता येत नाही. यू वृक्षाच्या बीभोवतीचा लाल गर सोडला, तर त्याचे जवळपास सर्व भाग विषारी असतात.

निशिगंध

रसायनी यांनी मूळ मुद्दा छान मांडला आहे. मी औषधनिर्माता म्हणून रुग्णालयात काम करतो. रोज माझ्या डोळ्यांसमोर येणारी अडचण थोडी वेगळी आहे. अर्क स्वतः विषारी नसला, तरी तो चालू असलेल्या औषधाचे गणित बिघडवू शकतो.

आपल्या यकृतात आणि आतड्यांत औषधांचे विघटन करणारी विकरे (एन्झाइम) असतात. त्यांतले सीवायपी ३ए४ हे केमोच्या अनेक औषधांची विल्हेवाट लावते. एखाद्या वनस्पतीने हे विकर वाढवले, तर औषध लवकर संपते आणि गाठीपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. उलट विकर दाबले गेले, तर तेच औषध रक्तात साचते आणि ठरवून दिलेली मात्राही जास्त होते. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती उदासीनतेवर अनेक देशांत सहज मिळते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इरिनोटेकॅन घेणाऱ्या रुग्णांना ती रोज ९०० मिलिग्रॅम दिली, तेव्हा रक्तातील त्या औषधाचा क्रियाशील घटक ४२ टक्क्यांनी घटला. अभ्यास अवघ्या पाच रुग्णांचा होता, पण घट इतकी ठळक होती की पुढे कोणी हा प्रयोग वाढवण्याचे धाडस केले नसते. ल्युकेमियावरील इमॅटिनिबची पातळीही याच वनस्पतीने सुमारे तीस टक्क्यांनी खाली येते. अशा रुग्णाला काहीच जाणवत नाही. उलट दुष्परिणाम कमी झाले म्हणून त्याला बरे वाटते, आणि डॉक्टरांना वाटते की आजार औषधाला दाद देत नाही.

@वाटसरू, तुमच्या वडिलांच्या बाबतीत काय झाले याबद्दल मला काही म्हणायचे नाही, पण उलट्या कमी होणे हे औषध चांगले सोसल्यानेही घडू शकते आणि ते शरीरात कमी पोहोचल्यानेही, एवढे लक्षात असू द्यावे.

चैत्रपालवी

निशिगंध, मग पिपरीनचे काय? त्या कॅप्सूलवर तर 'शोषण वीसपट' असे मोठ्या अक्षरांत, अभिमानाने लिहिलेले आहे.

निशिगंध

तो आकडा खरा आहे, आणि अडचण तिथेच आहे. पिपरीन हा मिऱ्यातील तिखट घटक. त्याच्यासोबत दिल्यावर माणसांच्या रक्तात कर्क्युमिनची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढल्याचे १९९८ मध्ये दाखवले गेले. परंतु ही वाढ होते कशी? शरीर ज्या यंत्रणांनी परके रेणू बाहेर टाकते, त्यांना पिपरीन रोखून धरते, म्हणून. त्या यंत्रणांना कर्क्युमिन आणि केमोचे औषध यांतला फरक कळत नाही. पॅक्लिटॅक्सेलचे विघटन करणाऱ्या विकरांत सीवायपी ३ए४ आहे, आणि ते औषध रक्तात अधिक काळ राहिले तर सर्वांत आधी त्रास होतो तो बोटांच्या मज्जातंतूंना आणि पांढऱ्या पेशींना. ताईंच्या मुंग्यांचे कारण हेच असे मी मुळीच म्हणत नाही, कारण पॅक्लिटॅक्सेलने एरवीही मुंग्या येतातच. पण कॅप्सूल चालू असतील, तर हे डॉक्टरांना कळलेच पाहिजे.

ग्रीन टीबाबत एक सांगतो. त्यातील ईजीसीजी हा घटक बोर्टेझोमिब या मायलोमावरील (अस्थिमज्जेच्या कर्करोगावरील) औषधाला थेट चिकटतो आणि ते निकामी करतो, हे २००९ मध्ये प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दिसून आले. ताईंचे औषध वेगळे आहे, त्यामुळे हा धोका त्यांना नाही. मात्र रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी पूरक गोळ्यांतून घेतल्यास रक्तातील यकृताची विकरे वाढू शकतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण दिसू शकते, असा निष्कर्ष युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये काढला आहे.

मृद्गंध

हे सगळे वाचून छातीत धस्स झाले. माझ्या मावशीला आजच फोन करते.

वैद्य_अनामिक

मी आयुर्वेदाचा पदवीधर आणि व्यवसायाने वैद्य आहे. वरील माहितीशी माझा वाद नाही, तरी एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. ज्याला आज 'अर्क' म्हणून विकले जाते, ते आमच्या शास्त्रातील औषध नव्हे. शास्त्रात चूर्ण, क्वाथ, घृत, आसव असे वेगवेगळे कल्प आहेत. प्रत्येकाची मात्रा ठरलेली आहे, अनुपान ठरलेले आहे, आणि कोणत्या प्रकृतीच्या रुग्णाला काय देऊ नये हेही सांगितलेले आहे. कारखान्यात द्रावक वापरून मुळातील एकच घटक कित्येक पटींनी घट्ट करायचा, त्याची कॅप्सूल भरायची आणि वर 'प्राचीन' असा शिक्का मारायचा, हा त्या शास्त्रावरही अन्याय आहे. जेवणातून पोटात जाणारी चिमूटभर हळद आणि ९५ टक्के कर्क्युमिनॉइडची कॅप्सूल यांना एकच नाव देणे मला पटत नाही.

वाटसरूंच्या प्रश्नाबद्दल मात्र मनापासून सांगतो. पूर्वजांचा अनुभव खरा आहे, पण त्या अनुभवात पॅक्लिटॅक्सेल नव्हते. गुळवेल आणि केमो एकत्र घेतल्यावर काय होते, हे कोणत्याही संहितेत सापडणार नाही, कारण तेव्हा हा प्रश्नच उद्भवला नव्हता. शिवाय लगेच होणारा अपाय परंपरेच्या लक्षात येतो. वीस वर्षांनी होणारा येत नाही.

रसायनी

वैद्यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन, आणि त्याचे सर्वांत वेदनादायी उदाहरण ॲरिस्टोलोकियाचे आहे. या कुळातील वनस्पती अनेक देशांच्या पारंपरिक वैद्यकात पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी चुकून तिच्यासारख्याच नावाची ॲरिस्टोलोकिया मिसळली गेली आणि शंभरांहून अधिक स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाली, त्यांतील अनेकींची ती कायमची निकामी झाली. ज्यांची निकामी मूत्रपिंडे काढून टाकली, अशा ३९ जणींची तपासणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील १८ जणींच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला. आज या वनस्पतींतील आम्ल हे माणसांत निश्चितपणे कर्करोगजनक मानले जाते. हजार वर्षांच्या वापरात हे कुणाच्या लक्षात आले नाही, कारण औषध घेणे आणि आजार होणे यांत इतकी वर्षे लोटली, की दोन्ही टोके कुणी जोडलीच नाहीत.

वाटसरू

मान्य. बेल्जियमचे उदाहरण मला ठाऊक नव्हते. तरीही ही चुकीच्या वनस्पतीची गोष्ट झाली. योग्य वनस्पती, खात्रीच्या ठिकाणाहून घेतली तर?

वैद्य_अनामिक

योग्य वनस्पती कोणती, याचीच खात्री सामान्य माणसाला देता येत नाही. गुळवेलाच्या कुळात दिसायला सारख्या अनेक वेली आहेत. भारतात २०२१ आणि २०२२ मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आल्याचे रुग्ण नोंदले गेले, तेव्हा दुसरीच वेल वापरली गेली असावी असाही युक्तिवाद झाला. तो मान्य केला, तरी रुग्णाच्या दृष्टीने काय बदलते? त्याच्या हातात आलेली पूड हिरवी होती आणि पाकिटावर नाव गुळवेलाचेच होते. त्यातील काही रुग्णांना आधीपासून स्वप्रतिरक्षेचा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा) आजार होता आणि वेलीने तो उफाळून आला असावा, असे यकृततज्ज्ञांचे मत आहे. रोगप्रतिकारशक्ती 'वाढवणे' प्रत्येक शरीराला मानवतेच असे नाही, हे आम्हा वैद्यांनीही मोकळेपणाने मान्य करायला हवे.

सावली

मी केमो वॉर्डात परिचारिका आहे. सदाफुलीबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. कॅनडात १९५० च्या दशकात मधुमेहावर उपयोग होईल म्हणून सदाफुलीचा अर्क उंदरांना दिला गेला. साखरेवर फारसा परिणाम दिसला नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या, आणि त्या धाग्यावरून व्हिन्ब्लास्टिन व व्हिन्क्रिस्टिन ही औषधे मिळाली. मुलांच्या ल्युकेमियात व्हिन्क्रिस्टिनचे ऋण फार मोठे आहे. आता हेच औषध आम्ही कसे हाताळतो ते पाहा. मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत. म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या दहाव्या हिश्श्याइतके. ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाईनच्या पिशवीत भरावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सूचना दिली, कारण सिरिंजची अदलाबदल होऊन ते पाठीच्या कण्यातील द्रवात टोचले गेले तर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. पिशवीवर ठळक लेबल असते, 'फक्त शिरेतून. इतर मार्गाने दिल्यास प्राणघातक'. आम्ही दोघीजणी ते मोठ्याने वाचतो, रुग्णाचे नाव आणि मात्रा ताडून पाहतो, दोघींच्या सह्या होतात, आणि मगच नळी जोडतो.

आणि त्याच झाडाची पाने उकळून काढा घेणारे रुग्ण मला भेटतात. प्रत्येक पानात अल्कलॉइड, म्हणजे औषधी रसायन, किती, हे झाडागणिक आणि ऋतूगणिक बदलते. एकदा एका काकांच्या पांढऱ्या पेशी अपेक्षेपेक्षा फार खाली गेल्या होत्या आणि कारण सापडेना. चौथ्या दिवशी त्यांच्या सुनेने मला बाजूला घेऊन काढ्याबद्दल सांगितले.

अजून एक. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना न उकळलेली चूर्णे आणि कच्चे रस घेऊ नयेत, हे आम्ही सर्वांनाच सांगतो. वनस्पती निर्दोष असली, तरी वाळवणीत तिच्यावर बसलेली बुरशी अशा रुग्णाच्या फुप्फुसांत घर करू शकते.

कवडसा

गोळीत जे लिहिलेले नाही तेही असू शकते, हा मुद्दा राहिला. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी 'पीसी-स्पेस' नावाचे आठ वनस्पतींचे मिश्रण अमेरिकेत विकले जाई. त्याने पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाचा माग दाखवणारा रक्तातील घटक, खरोखरच कमी होत असे, म्हणून त्याच्यावर गांभीर्याने चाचण्याही सुरू झाल्या. तपासात त्यात रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन, वेदनाशामक इंडोमेथॅसिन आणि डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन आढळले. २००२ मध्ये ते बाजारातून मागे घेतले गेले. रुग्ण वनस्पती म्हणून जे घेत होते, त्यात रक्त पातळ करणारे औषध आणि हार्मोन होते आणि याची त्यांच्या डॉक्टरांना कल्पनाही नव्हती.

उत्तररात्र

मी स्वतः या आजारातून गेले आहे, म्हणून चैत्रपालवीच्या ताईच्या बाजूने दोन शब्द. केमोच्या दिवसांत सगळे निर्णय इतर लोक घेत असतात. तारीख ते ठरवतात, मात्रा ते ठरवतात, आणि आपण फक्त हात पुढे करायचा. अशा वेळी सकाळी स्वतःच्या हाताने घेतलेला चमचाभर काढा ही एकच गोष्ट आपली असते. मीही घेत होते आणि डॉक्टरांपासून लपवत होते. एकदा सांगून पाहिले होते, तेव्हा त्यांनी मान वर न करता "हे सगळे बंद करा" एवढेच म्हटले. त्यानंतर मी काढा बंद केला नाही. सांगणे बंद केले. वरील तज्ज्ञांना माझी हात जोडून विनंती आहे की रुग्णाला विचारताना ओरडू नका.

मला खरी भीती मात्र वेगळ्याच गोष्टीची वाटते. बरा होण्याजोगा कर्करोग असताना नेहमीचे उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ रुग्णांचा अमेरिकेतील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा मृत्यूचा धोका अडीचपट होता, आणि स्तनाच्या कर्करोगात पाचपटींहून अधिक. माझ्या शेजारच्या खाटेवरील मैत्रीण तिसऱ्या सलाईननंतर अशीच निघून गेली. आठ महिन्यांनी परत आली, तेव्हा गाठ त्वचेबाहेर आली होती. बाटलीतल्या अर्काने तिला विषबाधा झाली नाही, पण ते आठ महिने गेले.

वाटसरू

उत्तररात्र, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. मी वडिलांना आज विचारले. त्यांनीही डॉक्टरांना कधीच सांगितले नव्हते. निशिगंध, वडिलांची दर सहा महिन्यांनी तपासणी असते आणि अश्वगंधा अजून चालू आहे. यकृताची चाचणी करून घ्यावी का?

निशिगंध

अवश्य, आणि अश्वगंधा घेत असल्याचे तपासणीच्या वेळी स्पष्ट सांगावे. अश्वगंधाच्या पूरकांनी कावीळ झाल्याचे रुग्ण आइसलँड आणि अमेरिकेतून २०२० मध्ये नोंदले गेले आहेत. बहुतेक जण ते बंद केल्यावर काही महिन्यांत बरे झाले. प्रमाण थोडे आहे, घाबरून जाऊ नये. थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे, कारण अश्वगंधाने त्या संप्रेरकाची पातळी वाढू शकते.

चैत्रपालवी

सर्वांचे मनापासून आभार. काल अखेर ताईशी बोलले. उत्तररात्र यांनी लिहिले तसेच केले, आधी नुसते ऐकून घेतले. ती कर्क्युमिनच्या कॅप्सूल आणि ते तपकिरी औषध गेले तीन आठवडे घेत होती. बाटल्या उशीच्या अभ्र्यात ठेवायची आणि मी चहा करायला गेले की घ्यायची. सांगताना ती लहान मुलीसारखी रडली.

आज चारही बाटल्या पिशवीत घालून आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एकेक लेबल चष्मा कपाळावर सरकवून वाचले. गेल्या दोन तपासण्यांत ताईचे एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणारे विकर) वाढत होते आणि ते पॅक्लिटॅक्सेलमुळे असेल असे समजून ते मात्रा कमी करण्याच्या विचारात होते. आता सगळे अर्क बंद करून आठवडाभर थांबायचे आणि पुन्हा रक्त तपासायचे ठरले आहे. त्या सतरा वनस्पतींपैकी कोणती कारणीभूत असेल, असे मी विचारले. ते म्हणाले, "मात्राच लिहिलेल्या नाहीत, त्यामुळे कोणाकडे बोट दाखवायचे हे मलाही सांगता येणार नाही." ते रागावले नाहीत. मुंग्यांसाठी मात्र त्यांनी ताईची बोटे एकेक दाबून, डोळे मिटायला सांगून तपासली आणि यापुढे प्रत्येक सलाईनआधी हे विचारीन, असे म्हणाले.

ताईचा एक प्रश्न आहे. केमो संपून टॅमॉक्सिफेन सुरू झाले की कर्क्युमिन पुन्हा घेता येईल का?

निशिगंध

ताईंना सांगा, विचारले हे फार बरे केले. टॅमॉक्सिफेन शरीरात गेल्यावर त्याचे एन्डॉक्सिफेनमध्ये रूपांतर होते आणि मुख्य काम ते करते. २०१९ च्या एका छोट्या अभ्यासात पिपरीनसह कर्क्युमिन घेतल्यावर एन्डॉक्सिफेन सुमारे १२ टक्क्यांनी कमी झाले. ज्यांची पातळी मुळातच काठावर असते, त्यांना एवढी घटही महागात पडू शकते. त्यामुळे कॅप्सूल नकोत. स्वयंपाकातली हळद बंद करण्याची काही गरज नाही.

सावली

आणि पुन्हा कधी शस्त्रक्रिया ठरली, तर लसूण किंवा गिंको यांचे अर्क दोन आठवडे आधीच बंद करावे लागतात, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपणहून सांगावे.

चैत्रपालवी

दोन्ही गोष्टी ताईने स्वतःच्या अक्षरात तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या आहेत. रक्ततपासणी पुढच्या सोमवारी आहे, आकडे आले की इथेच कळवीन.